टॅपिंग, खाण्याची वखवख आणि स्थौल्यचिकित्सा

गेल्या हिवाळ्यात एका परिचित वैद्यमित्रांकडून एक हस्तपत्रक माझ्या हाती आले. दोन दिवसांचे शिबिर, विषय ‘मर्म-टॅपिंगद्वारे वजन घटवा’ आणि शुल्कातच महिनाभर पुरेल इतकी मेदोहर वटी, अशी ती योजना होती. खाली मार्गदर्शक वैद्यांच्या नावांसाठी जागा मोकळी सोडलेली होती व तेथे माझे नाव घालण्यास अनुमती द्यावी, अशी विनंती सोबतच्या पत्रात होती. मित्र सज्जन आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही मी नकार कळविला. तो का कळविला, हे केवळ त्यांना सांगून भागणार नाही असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच. अशी पत्रके आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत येत असणार.

टॅपिंग म्हणजे काय, हे आधी पाहू. रुग्णाने ज्या पदार्थाची तल्लफ येते तो डोळ्यांसमोर ठेवावा किंवा मनात आणावा. ती तल्लफ किती तीव्र आहे याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. मग तळहाताच्या करंगळीकडील कडेवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी हलके ठोकीत, ही इच्छा मला होते आहे आणि तरीही मी स्वतःला स्वीकारतो, अशा अर्थाचे वाक्य म्हणावे. त्यानंतर भुवईचा आरंभ, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालील हाड, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेच्या खाली बरगडीवर आणि शेवटी टाळूवर अशी पाच-सात वेळा टकटक करीत जावे, व पुन्हा गुण द्यावेत. एक फेरी दोन-तीन मिनिटांत होते. बहुतेकांचा आकडा खाली येतो. हे मी स्वतःवर करून पाहिले आहे; माझ्यापुरता प्रयोग दुपारच्या चहाबरोबरच्या खारीवर केला, आणि नवावरून पाचावर आलो हे प्रांजळपणे नमूद करतो.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. रॉजर कॅलहान या मानसशास्त्रज्ञाने सुमारे १९८० साली पाण्याची अतोनात भीती वाटणाऱ्या एका स्त्रीला डोळ्याखाली बोटांनी ठोकावयास सांगितले आणि तिची भीती ओसरली, अशी या शाखेची जन्मकथा सांगितली जाते. कॅलहान यांच्या पद्धतीत प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा क्रम वेगळा असे. त्यांचे शिष्य गॅरी क्रेग हे शिक्षणाने अभियंते. त्यांनी १९९० च्या दशकात सर्व तक्रारींसाठी एकच क्रम ठरविला आणि त्यास ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक’ असे नाव दिले. बिंदू घेतले ते चिनी ॲक्युपंक्चरच्या मार्गांवरील. येथे आयुर्वेदाचा कोठेही संबंध आलेला नाही, हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

खाण्याच्या तल्लफेसाठी या पद्धतीचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठाच्या पेटा स्टेपलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात अतिरिक्त वजनाच्या वा स्थूल अशा ९६ प्रौढ व्यक्ती होत्या. काहींना चार आठवडे टॅपिंग शिकविले गेले, काहींना प्रतीक्षा यादीत ठेवले. चार आठवड्यांनंतर शिकलेल्यांची तल्लफ प्रतीक्षेतल्यांपेक्षा स्पष्टपणे उतरलेली आढळली. वर्षानंतरच्या पाहणीत वजनही काहीसे घटल्याचे त्यांनी नोंदविले. परंतु ज्यांच्याशी तुलना करावयाची ते प्रतीक्षेतले लोकही तोवर टॅपिंग शिकून बसले होते. तेव्हा ती घट कशामुळे झाली हे त्या पाहणीवरून ठरविता येत नाही. याच संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात टॅपिंगची तुलना विचार-वर्तन चिकित्सेशी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नेहमी वापरतात त्या सीबीटीशी केली होती. दोहोंनी तल्लफ सारखीच उतरली. शरीरभारांक मात्र दोहोंतही उतरला नाही. टॅपिंगच्या बाजूने काम करणाऱ्या संशोधकांनीच हे छापले आहे, याबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. शिबिरांच्या हस्तपत्रकांत या प्रयोगाचा पूर्वार्ध येतो, उत्तरार्ध कधीच येत नाही.

आता बिंदूंविषयी. कॅनडातील वेट आणि होल्डर यांनी २००३ साली ११९ विद्यार्थ्यांवर भीतीच्या संदर्भात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने नियमातील बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्याने हातावरील मनाने ठरविलेल्या भलत्याच जागांवर, तिसऱ्याने चक्क एका बाहुलीवर, आणि चौथ्याने टकटक केलीच नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती उतरली, चौथ्याची उतरली नाही. बाहुलीवर ठोकताना बोटांच्या अग्रांवरील बिंदू आपोआप दाबले जातात, असे समर्थकांचे उत्तर आहे. ते उत्तर मान्य करावयाचे तर जगात चुकीचा बिंदू उरतच नाही! माझी समजूत अशी की, गुण देण्यासाठी क्षणभर थांबणे, इच्छेला नाव देणे, पदार्थ समोर असूनही न खाता तीन मिनिटे जाऊ देणे आणि शरीरावर लयीत होणारा हलका स्पर्श, यांतच या उपायाचे बळ असावे. रडणाऱ्या बाळाला थोपटताना आई कोणता बिंदू शोधते? बाळ तरी झोपतेच.

म्हणून ‘मर्म-टॅपिंग’ या शब्दाला माझा पहिला आक्षेप आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली ती प्रामुख्याने आघातापासून जपण्याची स्थाने म्हणून. सद्यःप्राणहर, कालांतरप्राणहर, विशल्यघ्न, वैकल्यकर, रुजाकर हे त्यांचे वर्गीकरणच पुरेसे बोलके आहे. टाळूवरील बिंदूला अधिपती म्हणावे, डोळ्याच्या कडेच्या बिंदूला अपांग म्हणावे, इथपर्यंत ओढाताण करता येते. पण ज्या बिंदूपासून टॅपिंगचा आरंभ होतो ती तळहाताची करंगळीकडील कड सुश्रुतोक्त मर्मांत नाही; हातावर क्षिप्र, तलहृदय, कूर्च, कूर्चशिर आणि मणिबंध आहेत. परकी गोष्ट उपयोगाची असेल तर तिच्या नावानिशी घ्यावी. चोपचिनी आपण बाहेरून घेतली आणि भावप्रकाशात तिला मानाने स्थान मिळाले. पण कोणी ती चरकाच्या नावावर खपविली नाही.

इथवर वाचून मी टॅपिंगच्या विरोधात आहे, असा ग्रह होईल. तसे नाही. त्यासाठी एका रुग्णेची हकिगत सांगणे भाग आहे, आणि तीत शोभा माझी नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई माझ्याकडे स्थौल्यासाठी येत. वजन ८६ किलो. थायरॉइड, साखर सर्व तपासलेले, ठीक. मी लेखनास बसणाऱ्या प्रत्येक वैद्याप्रमाणे शास्त्रोक्त चिकित्सा केली: त्रिफळा, मेदोहर गुग्गुळ, उद्वर्तन, जव आणि कुळीथ यांचा आहार, सकाळी कोमट पाण्यातून नव्हे तर साध्या पाण्यातून मध. सहा महिन्यांत वजन दीड किलो उतरले आणि परत चढले. मी मनातल्या मनात बाईंना पथ्य न पाळणाऱ्यांच्या खात्यात टाकून मोकळा झालो. मग त्या तीन महिने आल्याच नाहीत. आल्या तेव्हा वजन ८२ होते आणि चेहरा मोकळा होता. मी विचारले, तेव्हा संकोचत म्हणाल्या, “डॉक्टर, रागावणार नसाल तर सांगते. पुण्याला भावजयीकडे गेले होते, तिने टॅपिंग शिकवलं.” आणि मग जे सांगितले ते गेल्या सहा महिन्यांत मी एकदाही विचारलेले नव्हते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री अकराला त्यांना कूस बदलवून, कपडे बदलून झाले की या स्वयंपाकघरात येत, दिवा न लावता डब्यातला गूळ आणि शेंगदाणे खात, कधी मुलांसाठी आणलेली बर्फी. भूक नसे. “तेवढीच दहा मिनिटं माझी असायची,” त्या म्हणाल्या. आता त्या डब्याला हात लावण्यापूर्वी ओट्यापाशी उभ्या राहून टकटक करीत. कधी डबा उघडला जाई, पुष्कळदा नाही.

त्या चार किलोंचे श्रेय टॅपिंगला किती, हे मी सांगू शकत नाही. त्याच काळात घरच्यांनी सासूबाईंसाठी रात्रीची बाई ठेवली होती आणि या सलग सहा तास झोपू लागल्या होत्या, हे मागाहून कळले. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. भावजयीने जो प्रश्न विचारला तो माझ्या केसपेपरात नव्हता.

या प्रसंगानंतर मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्याय पुन्हा काढून वाचला. आपण सर्वांनी तो परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. अतिस्थौल्याची कारणे सांगताना आचार्य गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहाराबरोबर अव्यायाम, दिवास्वाप, बीजस्वभाव तर सांगतातच; परंतु नित्य हर्ष आणि अचिंतन ही दोन मानस कारणेही सांगतात. चिकित्सेतही प्रजागर, व्यायाम यांबरोबर चिंतन क्रमाने वाढवावे असे येते. उलट कृशासाठी झोप, हर्ष, मनाची निश्चिंतता सांगितली आहे. म्हणजे चरकांच्या डोळ्यांसमोरचा स्थूल मनुष्य निर्धास्त आहे. खातो, पितो, दुपारी झोपतो, आनंदात असतो. असे रुग्ण आजही आहेत. माझ्या दवाखान्यात व्यापारी पेठेतील काही जण अगदी याच वर्णनाचे येतात आणि त्यांना ही चिकित्सा लागूही पडते. पण रात्री अकराला अंधारात गूळ खाणारी बाई त्यांतली नाही. तिला आणखी चिंतन आणि आणखी जागरण सांगणे म्हणजे व्याधीला खतपाणी घालणे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि दीर्घकाळच्या मानसिक ताणाने गोड व स्निग्ध पदार्थांची ओढ वाढते, हे आता आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते.

मग चरक येथे अपुरे पडले काय? मला तसे वाटत नाही. एक तर चिंतन म्हणजे चिंता नव्हे. बुद्धीला काम देणे, असा अर्थ लावता येतो आणि मला तो पटतो. दुसरे, विमानस्थानात याच आचार्यांनी सांगून ठेवले आहे की चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या आणि जागरण यांनी ग्रासलेल्याला मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही. चिंताग्रस्त भोजन करणारा त्यांना ठाऊक होता. आपण मात्र स्थौल्याचा अध्याय उघडला की विमानस्थान मिटून ठेवतो. चिकित्सेचे जे तीन प्रकार सूत्रस्थानात येतात, त्यांपैकी युक्तिव्यपाश्रय आपल्या औषधालयाच्या फडताळात आहे, दैवव्यपाश्रय रुग्ण आपापल्या घरी करीतच असतो, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याची जी सत्त्वावजय चिकित्सा, ती कोठे आहे? ती भावजयीकडे गेली, शिबिरांकडे गेली. हे बोलताना मला खेद होतो, पण शिबिरे घेणाऱ्यांवर राग येत नाही.

टॅपिंगला मी जागा देतो ती येथे: सत्त्वावजयाचे एक लहानसे साधन म्हणून. त्याहून कमी नाही, त्याहून जास्तही नाही. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये तीन मिनिटांची फट पडते, ती रुग्णाच्या हाती येते. त्या फटीत काय घालावयाचे हे पुन्हा वैद्यानेच सांगावयाचे आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम या कामी फार उपयोगी पडतो. सवयीचे अपथ्य एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावे व पथ्य चतुर्थांशाने जोडावे, ही ती रीत. उपर्युक्त बाईंना मी नंतर हेच सांगितले. डबा पूर्ण बंद करावयाचा नाही. चार खडे गुळाऐवजी तीन, आणि एका खड्याच्या जागी मूठभर भाजलेले जव वा साळीच्या लाह्या. दिवा लावून, पाटावर बसून. दिवा लावून या अटीचा परिणाम मला सर्वांत अधिक दिसला.

मात्र वखवख आणि भूक यांतला भेद न पाहता टॅपिंग सांगणे धोक्याचे आहे. माझ्या गावातील एका औषधालयाच्या काउंटरवर दोन वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग त्या चालकांच्या अनुमतीने येथे देतो. पन्नाशीचे एक गृहस्थ मेदोहर चूर्ण घेण्यासाठी आले. बोलता बोलता त्यांना घाम फुटला, हात कापू लागले आणि ते गळपट्टीच्या हाडाखाली टकटक करू लागले. चालकांनी विचारल्यावर म्हणाले, रोज अकराच्या सुमारास गोडाची अशी खा-खा सुटते, शिबिरात सांगितल्याप्रमाणे दाबतो आहे. नशीब असे की, त्या चालकांना पिशवीतली दुसरी चिठ्ठी दिसली. गृहस्थ मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होते आणि वजन उतरविण्याच्या उत्साहात त्यांनी सकाळची न्याहारी बंद केली होती. चालकांनी वाद न घालता साखरेचे पाणी पाजले, बाकावर बसविले आणि शेजारच्या डॉक्टरांकडून रक्तशर्करा मोजून घेतली. साखरपाणी पोटात गेल्यावरही आकडा ५६ होता. ती वखवख नव्हती, शरीराने मारलेली हाक होती. ती टकटक करून गप्प केली असती तर काय झाले असते, हे मी या वाचकांना सांगावयास नको.

तेव्हा मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू आहे काय, हे विचारल्याशिवाय कोणालाही तल्लफ मारण्याचा उपाय सांगू नये. तसेच खाऊन मुद्दाम उलटी करणारे, चोरून बेसुमार खाऊन नंतर अपराधी वाटणारे रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांना मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. हा कमीपणा नव्हे.

औषधालय चालकांसाठी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहितो, कारण या व्यवहारात त्यांना ओढले जात आहे. शिबिराच्या शुल्कात वटी देण्याची योजना दिसावयास सोयीची आहे. परंतु स्थूलता हा विकार १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी समाविष्ट आहे. अशा विकारावर औषध गुणकारी असल्याची जाहिरात करणे त्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि हस्तपत्रक ही जाहिरातच होय. पत्रकावर वैद्याचे नाव असल्याने ती अडचण टळत नाही. वैद्य मात्र तीत सापडतो. दुसरे, एकाच पिशवीतून टॅपिंग आणि गुग्गुळ दिले की कशाने काय झाले हे कोणालाच कळत नाही. गुण आला तर शिबिराचा, न आला तर आयुर्वेदाचा दोष, असा हिशेब पुढे ठरलेलाच.

स्पर्धेची भीती मी समजू शकतो. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर नेला, तेव्हापासून दोनदाच जेवणारा रुग्ण आपल्याला चार गोष्टी शिकवून जातो. २०२५ साली टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. ते टोचून घेणारे सांगतात की डोक्यातला खाण्याचा कलकलाट थांबला. ‘कलकलाट’ हा शब्द मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकला, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातील लक्षणापेक्षा नेमका आहे. या सर्वांसमोर आपण टिकावयाचे ते चमकदार जोडनाव घेऊन नव्हे. दहा मिनिटे अधिक बसून, तो कलकलाट कोणत्या वेळी होतो, कोणाशी बोलणे झाल्यावर होतो, घरात त्या वेळी कोण असते, हे विचारूनच. माझ्या केसपेपरात आता वजनाच्या रकान्याशेजारी ‘भुकेवाचून केव्हा खाता?’ असा एक रकाना आहे. तो छापून घेण्यास एकशेवीस रुपये लागले.

मित्रांना मी असे कळविले आहे. पत्रकातून ‘मर्म’ हा शब्द आणि वजन घटविण्याचे आश्वासन काढावे, वटी वेगळी करावी, आणि नावनोंदणीच्या वेळी मधुमेहाच्या औषधांची चौकशी व्हावी. एवढे झाले तर मार्गदर्शक म्हणून नव्हे, पण मागच्या बाकावरचा शिकाऊ म्हणून मी दोन्ही दिवस येईन. आणि त्या बाई तयार झाल्या तर त्यांनाही चार शब्द बोलावयास सांगेन. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.